कारल्याऐवजी वांगे

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, गेल्या पंचवीस वर्षांत वांग्याचे भरीत तोंडात घातलेले नाही. तिच्या गावात, जळगावजवळच्या असोद्यात, कोणालाही विचारा. अक्काने काशीला जाऊन वांगे गंगेत सोडले, केवढे मन त्या बाईचे, असे सगळे आजवर सांगत आले. मीही इतकी वर्षे ते ऐकून मान हलवत आलो. खरी गोष्ट अशी, की अक्काने कारले सोडायचे ठरवले होते. वांगे मी सोडले, तिच्या नावाने आणि तिला न विचारता. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. त्याग म्हणजे काय हे आपल्याला पुरते समजले आहे, अशी माझी खात्री होती.

आज हे लिहायला कारण झाला तो धूर. मी धुळ्याला देवपुरात राहतो आणि शाळेत शिकवतो. संध्याकाळी पांझरेच्या काठाने घरी येत होतो. पलीकडच्या मळ्यातून कपाशीच्या वाळलेल्या काट्यांचा, पऱ्हाट्यांचा, धूर नदीवर उतरला होता आणि त्याच्यामागून भाजलेल्या वांग्याचा वास येत होता. नदीला गुडघाभर पाणी. बायका धुणे आवरत होत्या. पुलाच्या तोंडाशी एक भाजीवाली बसली होती, तिच्या पाटीत वीतभर लांबीची, हिरवी, बुडाशी पांढुरकी वांगी. मी थांबलो तशी म्हणाली, "असोदाकडला वांगा शेतस, मास्तर. इस्तोवर भाजा, मंग सांगा."

मी दोन घेतली. घरी आल्यावर ती कोनाड्यात ठेवली आणि कंदील लावून बसलो. लढाई संपली तरी रॉकेल अजून मोजून मिळते, म्हणून थोडक्यात लिहीन म्हणतो. जमेल असे वाटत नाही.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला भरीत म्हणजे एक भाजी वाटेल. आमच्याकडे तो ऋतू आहे. चातुर्मासात वांगे वर्ज्य. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला देवाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवला की ते सुटते, आणि मग संक्रांत उलटेपर्यंत मळ्यामळ्यातून धूर दिसतो. काट्यांचा ढीग पेटवायचा, त्यात तेल लावलेली वांगी टाकायची. काळी ठिक्कर झाली की साल काढून लाकडाच्या खोलगट बडगीत मुसळीने ठेचायची. मग त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर, शेंगदाणे आणि वरून कढत तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. केळीच्या पानावर, जमिनीवर मांडी घालून, अंगावर ऊन घेत जेवायचे.

माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. अक्का माझ्याहून बावीस वर्षांनी मोठी. तिचे लग्न असोद्यात झालेले होते. तिने मला उचलले आणि आपल्या घरी नेले. तिच्या मळ्यातल्या भरिताला जळगावपासून माणसे येत. वांगे भाजले गेले की नाही हे ती पाहून ठरवत नसे, ऐकून ठरवी. आगीजवळ बसून बोलत असायची, मध्येच हात वर करायची. देठाजवळ साल फुटून वाफेची बारीक शीळ निघाली की म्हणायची, "बोललं ते. काढा." सगळे ठेचून, कालवून झाले की चिमूटभर भरीत ती तळहातावर घ्यायची, डोळे मिटून जिभेवर ठेवायची. तिचे डोळे उघडेपर्यंत पंगत गप्प असे. तिचे यजमान आबा म्हणत, "मामलेदाराचा निकाल बरा, लवकर लागतो." मग ती डोळे उघडून म्हणायची, "बसा."

त्या मिटलेल्या डोळ्यांवर जो आनंद असे, तो मी नंतर पाहिला नाही. पाहायला मिळू नये अशी व्यवस्था मीच केली.

पहिली मोठी लढाई संपली त्या वर्षी तापाची साथ आली. मी तेव्हा जळगावात शिकत होतो. मला बैलगाडीत आडवा घालून असोद्याला आणले. आठ दिवस मला शुद्ध नव्हती. नवव्या दिवशी मी पाणी मागितले. त्या आठ दिवसांत केव्हातरी अक्काने गंगेला नवस बोलला होता, भाऊ उठून बसला तर कार्तिकात तुझ्यात येऊन बुडी मारीन. नवस फेडायला दोन वर्षे लागली, कारण दर कार्तिकात कपाशी वेचणीला आलेली असायची. शेवटी आबा म्हणाले, "तुम्ही दोघं बहीणभाऊ जा. मी गंगेत उभा राहिलो त इथी कापूस कोन येचील?"

मी त्या वेळी पुण्याला कॉलेजात होतो. चहा सोडला होता, साखर सोडली होती, गादी सोडली होती. जाडेभरडे कपडे घालून घोंगडीवर झोपत होतो आणि जे तसे झोपत नव्हते त्यांच्याकडे दयेने पाहत होतो.

भुसावळला गाडी बदलली तेव्हा फैजपूरचे एक जोडपे आमच्या डब्यात आले. काशीला गेलेल्या माणसाने एक फळ किंवा एक भाजी जन्मभरासाठी सोडायची, असा रिवाज आहे. इटारसी येईपर्यंत बायकांचे बोलणे त्यावर आले.

"मी रामफय सोडनार," फैजपूरची बाई म्हणाली. "वर्षातून एकदा येतं. आठवनबी राहात नाही."

"मी पडवय," तिचा नवरा म्हणाला.

"तुम्ही कधी खाल्लं पडवय?"

"म्हनून त सोडतो."

डबा हसला. अक्काही हसली. म्हणाली, "मी कारलं. सासूबाई करत म्हनून खात होती, आता त्या गेल्या. कारलंबी जाऊ दे."

मी हसलो नाही. खिडकीबाहेर नर्मदेकडचे डोंगर पाहत मी मनात म्हणत होतो, ही देवाशी चाललेली लबाडी आहे. नको असलेली वस्तू देवाला द्यायची आणि पुण्य घ्यायचे. माझे हे म्हणणे तेव्हाही चूक नव्हते, आजही नाही. चूक पुढे आहे.

मोगलसराईहून निघालेली गाडी सूर्य वर येताना गंगेच्या पुलावर आली आणि डब्यातली सगळी माणसे डाव्या खिडक्यांवर लोटली. काशी तशीच पाहावी. नदी तिथे उत्तरेकडे वळून जाते आणि एकाच काठावर, चंद्रकोरीसारखे, शहर पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरते. समोरच्या काठावर काही नाही, नुसती वाळू. त्यामुळे उगवता सूर्य आणि शहर यांच्यामध्ये कोणी येत नाही. दगड केशरी झालेले, देवळांची शिखरे, पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे दोन उंच मनोरे, खाली हजारो माणसे ठिपक्यांएवढी. अक्काने हात जोडले. तिच्या तोंडातून फक्त एवढेच निघाले, "केवढं पानी."

पांझरा आणि वाघूर पाहिलेल्या माणसाला ते पाणी खरेच समजत नाही. आमच्या नद्या उन्हाळ्यात वाळूत झिरे खणून वाटीवाटीने पाणी देतात. अक्का पहिले दोन दिवस घाटावर जाऊन नुसती बसायची. पावसाळ्यातल्या पुराने खालच्या पायऱ्यांवर पुरुषभर माती आणून टाकली होती. मजूर नदीचेच पाणी बादल्यांनी मारून ती पुन्हा नदीत ढकलत होते. अक्काला ते पाहवेना. "एवढी पोयट्याची माती," ती म्हणाली, "एक गाडी जरी असोद्याले नेता आली त."

आम्ही दुर्गाघाटाजवळ आमच्या उपाध्यायांच्या घरी उतरलो होतो. त्यांचे पूर्वज कोकणातून गेलेले, सहा पिढ्या काशीत झालेल्या. त्यांच्या मराठीत दर चार शब्दांनी हिंदी यायचे. त्या आळीत मराठी माणसाला परके वाटत नाही. नागपूरच्या भोसल्यांचा घाट, कोणा सरदाराने बांधलेले देऊळ, कोणा सरदारणीने घातलेली पायरी, अशी आपली माणसे दगडांत ठिकठिकाणी सापडतात. माडीवरून पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांचे स्वर ऐकू यायचे आणि खाली कोणीतरी "पोहे झाले का गं" विचारत असायचे. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून बैल आला तर माणसाने भिंतीत शिरायचे. एका गल्लीत पितळेवर ठोके, पुढच्या गल्लीत कढईतल्या दुधाचा वास, त्याच्या पुढे विणकरांची वस्ती. अंधाऱ्या खोल्यांतून मागांची खडखड यायची. एका म्हाताऱ्या विणकराने आम्हाला आत बोलावून मागावरचे जरीचे लुगडे दाखवले. अक्काने त्याच्या काठावरून दोन बोटे फिरवली आणि मला हळूच म्हणाली, "लई सुंदर आहे रे. पन एवढं जड नेसून भाकर कशी थापनार?" म्हाताऱ्याने काय म्हणाली विचारले. मी सांगितल्यावर तो इतका हसला, की त्याने माग थांबवला.

संध्याकाळी पंचगंगेवर आकाशदिवे चढायचे. उंच बांबू, त्यांच्या टोकाशी वेताच्या लहान टोपल्या, टोपलीत दिवा. दोरीने तो वर ओढायचा. मेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून कार्तिकभर ते लावतात. बघता बघता काळसर होत जाणाऱ्या आभाळात दिव्यांचे एक शेत उभे राहायचे. अक्का म्हणाली, "माय देखत असंल." आमच्या आईविषयी ती एरवी बोलत नसे. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो होतो. त्या घटकेला मी चांगला भाऊ होतो, असे आठवते.

उपाध्यायांच्या वह्या लाल कापडात बांधून ठेवलेल्या असत. लांबट, आडव्या उघडणाऱ्या. त्यांनी "गाव असोदे" असे म्हणत एक वही सोडली आणि आबांच्या पणजोबांचे नाव वाचून दाखवले. ते चालत आले होते. कोणाबरोबर आले, मुले किती, आणि शेवटी काय सोडले. "सीताफल," उपाध्याय म्हणाले. "हमारे आजोबा प्रत्येकाचं सोडलेलंही लिहीत. म्हणायचे, यजमान घरी जाऊन विसरतो, वही विसरत नाही." मग माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. "क्रोध सोडा म्हटलं तर यजमान भोपळा सोडतात. काय करणार? चालतंय. भोपळ्याचं नशीब."

ते गमतीने बोलले होते. मी ते फार मनावर घेतले.

स्नानाच्या आदल्या दिवशी घाटावरच्या बाजारात अक्का एकदम थांबली. पलीकडच्या काठावरून, रामनगराहून, नावेने भाजी आली होती. एका बाईपुढे वांग्यांचा ढीग होता. तशी वांगी आम्ही पाहिली नव्हती. गोल, फिकट हिरवी, एकेक लहान मुलाच्या डोक्याएवढे.

"ई रामनगर क भंटा हौ, बहिनी," ती बाई म्हणाली.

अक्काने एक उचलले, बोटाच्या पेराने टिचकी मारली, कानाशी नेले. मग आपल्या बोलीत विचारले, "भाजता का तुम्ही?" आणि हाताने आग दाखवली.

"हाँ हाँ, चोखा," म्हणून बाईने मुठीने ठेचून दाखवले.

झाले. पुढचा अर्धा तास त्या दोघी एकमेकींची भाषा न येता बोलत होत्या. लसूण किती, मिरची भाजून की कच्ची, तेल कोणते, सगळे हातवाऱ्यांनी. त्या बाईने आपल्या जेवणाच्या फडक्यातून बाटीसारखी भाजलेली लिट्टी काढली आणि तिच्यावर चोखा ठेवून अक्कापुढे धरला. अक्काने तो नाकाजवळ नेला. वास घेतला, डोळे मिटले. मग हसून परत दिला. "आमचं अजून सुटलं नाही, माय. चंपाषष्ठीले सुटंल." बाईला ते काय समजले कोण जाणे. पण तिने ढिगाच्या खालून बियाण्यासाठी राखलेले एक पिवळे पडलेले वांगे काढले आणि अक्काच्या ओटीत टाकले.

घरी येताना अक्का मुलीसारखी बोलत होती. बी कधी टाकायचे, कुठल्या वाफ्यात, पुढच्या चंपाषष्ठीला काशीच्या वांग्याचे भरीत आणि असोद्याच्या वांग्याचे भरीत शेजारी शेजारी करून पाहायचे. "तुले पहिला घास देईन," ती म्हणाली. मी तिचे ऐकत होतो आणि मनात एक निश्चय करत होतो. एका भाजीत एवढा जीव गुंतवणाऱ्या बहिणीची सुटका करणे हे माझे कर्तव्य आहे, असे मला वाटले. शब्द हेच होते. आज ते लिहिताना कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी होती. अक्का छातीइतक्या पाण्यात उभी होती, पदर डोक्या-कानावरून घट्ट घेतलेला. उपाध्याय काठाशी लाकडी चौकीवर छत्रीखाली बसले होते. आजूबाजूला घंटा, शंख, दहा ठिकाणचे दहा संकल्प. घरून निघतानाच अक्काने मला सांगितले होते, "मले पान्यात कायी ऐकू येनार नाही. ते इचारतील, तू सांगजो, कारलं." मी पायरीवर उभा होतो.

"यजमान, बाई काय सोडणार?"

"वांगं," मी म्हणालो.

उपाध्यायांनी वर पाहिले. क्षणभर थांबले. मग तिच्याकडे वाकून मोठ्याने संस्कृतात सांगू लागले आणि अक्का ओंजळीत पाणी धरून, ओठ कापत असताना, त्यांच्यामागून एकेक शब्द उच्चारू लागली. ती भाषा तिला येत नव्हती. ओंजळ सोडली, तीन बुड्या मारल्या, वर आली. तिचा चेहरा इतका प्रसन्न होता, की त्याच वेळी मला समजायला हवे होते.

"झालं ना कारलं?" पायरीवर येऊन पदर पिळत तिने विचारले.

"कारलं नाही, अक्का. वांगं सोडलं."

"सकायी सकायी थट्टा नको."

"थट्टा नाही. नको असलेलं द्यायचं म्हणजे लबाडी. आवडतं ते द्यायचं असतं."

ती पदर पिळत राहिली. पाणी संपले तरी पिळत राहिली. मग म्हणाली, "जाऊन सांगितलं त त्याह्यले? भावाची चूक झाली म्हनून?"

"गंगेत बोललेलं परत घेता येत नाही," मी म्हणालो. असा काही नियम मला माहीत नव्हता. तो मी तिथेच उभ्या उभ्या केला.

अक्का नदीकडे पाहत राहिली. "बरं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पाय पूस तू. ओले ठेवू नको, ताप येईल."

परतीच्या प्रवासात तिच्या पदराच्या गाठीत त्या वांग्याचे बी होते. मला वाटले ती ते गाडीतून टाकून देईल. तिने असोद्याला येऊन ते राखेत घोळवून ठेवले आणि वेळ आल्यावर वाफ्यात टाकले.

त्या चंपाषष्ठीला मी पुण्याला परत गेलेलो होतो. पण पुढच्या वर्षी होतो. तोवर हे गावभर झाले होते. "एवढा भरितावर जीव त्या बाईचा, अन् तेच सोडलं," असे लोक म्हणत आणि माझ्याही पाठीवर थाप मारत, बहिणीला घेऊन गेलास म्हणून. काशीची गोल वांगी मळ्यात लागली होती. अक्का आगीजवळ बसली, शीळ ऐकली, हात वर केला, ठेचले, कालवले. मग चिमूटभर भरीत तळहातावर घेतले, सवयीने. आणि थांबली. तो हात तिने माझ्यापुढे केला.

"भाऊ, मीठ देख."

मी तिच्या तळहातावरचे भरीत खाल्ले. पंगत माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "बरोबर आहे." ती म्हणाली, "बसा."

त्यानंतर मी असेन त्या प्रत्येक वर्षी हेच. तिच्या जिभेचे काम माझ्याकडे आले. मी नसेन तेव्हा आबा करत, पण आबांना सगळेच बरोबर लागते. माझा चहा त्या काशीच्या वर्षीच, होळीच्या आत परत आला. मग साखर, मग गादी. आता मला दिवसातून दोनदा चहा लागतो आणि तो गोड लागतो. माझी बायको धुळ्याची. लग्नानंतर तिला हे सगळे मीच एकदा सांगितले. ती चहाचा कप माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "वन्सनं वांगं सुटनं, तुमना चहा काय सुटना नही." तिला माझी सारी गोष्ट तेवढ्या एका वाक्यात कळली होती.

अक्का दुःखात राहिली असे कोणी समजू नये. तसे असते तर मी इतकी वर्षे टिकलो नसतो, किंवा आधीच बोललो असतो. तिचे घर भरलेले आहे, मुले कर्ती झाली, नातवंडे अंगावर खेळतात. काशीची वांगी हळूहळू असोद्याच्या वांग्यांत मिसळली. आता तिच्या मळ्यातले वांगे जरा पोटाळ असते, एवढीच खूण राहिली. ती काशीच्या गोष्टी अजून सांगते. हसणारा विणकर, वाहून जाणारी माती, आकाशातले दिवे. नातवंडांनी काशी पाहिलेली नाही, पण त्यांना ती घाटाघाटांसकट येते. फक्त स्नानाच्या सकाळची गोष्ट ती सांगत नाही. तिथे ती म्हणते, "मंग बुडी मारली अन् आलो."

यंदा दिवाळीत मला राहवेना. मी काशीला, उपाध्यायांच्या पत्त्यावर पत्र लिहिले. बहिणीच्या हातून अजाणता असा संकल्प झाला आहे, तो सुटतो का? वडील उपाध्याय गेले आहेत. मुलाचे कार्ड आले. गावच्या भटजींकडून संकल्पाची निवृत्ती करता येईल, गाईला वांगी खाऊ घालावीत, मग खायला हरकत नाही. आणि खाली दोन ओळी होत्या. आमच्या वहीत आपल्या भगिनींच्या नावापुढे वडिलांच्या अक्षरात 'वांगे, बंधूच्या मुखे' असे लिहिलेले आहे.

ते म्हातारे क्षणभर थांबले होते ते का, हे मला पंचवीस वर्षांनी समजले.

मी कार्ड घेऊन असोद्याला गेलो. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी भटजींना भेटून त्यांनी सकाळी मळ्यात यायचे असे ठरवले. गाय ठरवली. मनात सगळे चित्र तयार होते. भटजी मंत्र म्हणतील, अक्का चिमूटभर भरीत तळहातावर घेईल, डोळे मिटेल, आणि माझे पाप फिटेल.

सकाळी मळ्यात तीस-चाळीस माणसे होती. आबा आता सत्तरी ओलांडलेले, तरी आग तेच पेटवतात. मला पाहून म्हणाले, "या मास्तर. यंदा मिशीले तेल लागू देऊ नका, बायको ओयखत नाही मंग." अक्का आगीजवळ पाटावर बसलेली. तिला आता जरा कमी ऐकू येते, पण वांग्याची शीळ तिला बरोबर ऐकू येते. हात वर झाला. काढली, ठेचली, कालवली. पाने मांडली गेली, माणसे बसली. तळहातावर भरीत घेऊन तिने हात माझ्यापुढे केला.

"भाऊ, मीठ देख."

"आज तूच बघ," मी म्हणालो आणि खिशातून कार्ड काढून वाचले. निवृत्तीपर्यंतचेच वाचले, खालच्या दोन ओळी वाचल्या नाहीत. "भटजी येतातच. गायही आणवली आहे. अर्ध्या तासात तू मोकळी होशील."

पंगतीत कुजबुज झाली. कोणी म्हणाले, भाऊ असावा तर असा. अक्काचा हात तसाच पुढे होता.

"भटजीले कोन्ही बोलावलं?"

"मी."

"मले कधी इचारलं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. नातवाला शेंगदाणे सोलायला सांगावे तसा होता.

"वांग्याचं कायी नाही रे," ती म्हणाली. "पैल्या वर्षी जीव तुटला. मंग सवय झाली. वास येतो ना मले. एवढ्या लोकाह्यले खाताना देखते, बरं वाटतं. मले लागलं ते एवढंच, का मी सांगितलं एक अन् तू बोलला दुसरं. अन् आजबी तू ठरवूनच आला. खाईन का नाही, ते मी पाहीन. भटजीले चहा पाज अन् पाठव."

आबा आगीतली काटी हलवत होते, ते थांबले. तिच्या तळहातावरचे भरीत निवत चालले होते. मला त्या पायरीवरचा पिळलेला पदर दिसला. पंचवीस वर्षे मी समजत होतो की मी तिचे वांगे घेतले. ती ज्याची वाट पाहत होती ते वांगे नव्हतेच, आणि ते द्यायला ना भटजी लागत होता ना गाय.

मी कार्ड पुन्हा उघडले आणि खालच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या, सगळ्या पंगतीला ऐकू जातील अशा. मग तिच्यासमोर जमिनीवर बसलो. शाळेत बोलतो ती भाषा त्या वेळी तोंडात येईना. तिने मला वाढवले त्या बोलीत जे आले ते बोललो.

"अक्का, तू कारलं सांगितलं होतं. मी वांगं बोललो, मोठेपनासाठी. तुले परत घेता येत होतं, मी खोटं सांगितलं का येत नाही म्हनून. तव्हा तुले इचारलं नाही, आजबी इचारलं नाही. चुकलो मी."